कुरणवाडी मुक्कामाचे रेवणअप्पा

रेवणसिद्ध माळगे यांची बदली मंजूर झाली होती. हे त्यांनी बायकोला सांगून झालं होतं, व्याह्यांना सांगून झालं होतं, डेपोसमोरच्या चहावाल्याला तर दोनदा. आणि ते खरंही होतं. फक्त बदली मंजूर होणं आणि जुन्या डेपोनं माणसाला कार्यमुक्त करणं यांच्यामध्ये एक कागद असतो. तो कागद साहेबांच्या टेबलावर सहीवाचून पालथा पडून होता.

अकरा वर्षं अप्पा कुरणवाडी मुक्कामाची लाल गाडी चालवत होते. मुक्कामाची म्हणजे संध्याकाळी येडशीचा घाट ओलांडून डोंगरामागच्या शेवटच्या गावात जायचं, गाडीतच पथारी पसरायची आणि सकाळी शाळेच्या पोरी अन् दुधाचे कॅन घेऊन परतायचं. बुधवारची सुटी सोडली, तर बेंबळीच्या आपल्या घरी बसून त्यांनी रात्रीची भाकरी खाल्ली नव्हती. मुलगी शिवांजली शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून सासरी गेली. अप्पांना ती बुधवारपुरतीच माहीत होती.

आता निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. नव्या डेपोत दिवसपाळी होती. जगाकडं त्यांचं एवढंच मागणं होतं, की संध्याकाळी सातला घरी पोचावं, ताट वाढलेलं असावं आणि समोर बायको बसलेली असावी.

आडवा आला तो सिनेमा.

'खोलदरा' नावाचा भुताचा एक सिनेमा लोकांनी सहा वर्षांपूर्वी डोक्यावर घेतला. त्यामागून टीव्हीवर त्याची मालिका आली. तिच्यात सिनेमाच्या चाळीस वर्षं आधीची हकिगत होती. यंदा दुसरा सिनेमा आला, तो पहिल्याच्या पुढचा. मालिका आणि दुसरा सिनेमा, दोन्हींचं थोडंथोडं चित्रण येडशीच्या घाटात झालं. दोन्ही वेळेला रस्ता अडवायला उभा केलेला इसम चहाला गेला होता, आणि दोन्ही वेळेला अप्पांची गाडी वळणावरून निघून गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर चित्रण पुन्हा करायचा कंटाळा आला असेल.

चाहत्यांच्या मात्र लक्षात आलं. हा दुसरा सिनेमा मोबाईलवर थांबवून थांबवून पाहणाऱ्या या मंडळींनी मालिकेतल्या सतरा गोष्टी त्यात हुडकून काढल्या होत्या. देव्हाऱ्यातली तिरकी समई, विहिरीचा मोडका रहाट, भिंतीवरचं उलटं कॅलेंडर. अठरावी खूण म्हणजे अप्पा. मालिकेत, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी, एक लाल गाडी जाते आणि चालक खिडकीतून हात काढून पत्र्यावर दोनदा थापटतो. सिनेमात, म्हणजे आज, तीच गाडी, तोच चालक, त्याच मिशा, आणि पुन्हा दोनदा थापटणं. शिवाय मालिकेत मेलेलं माणूस दाराशी आलं की दोनदाच वाजवतं. मग काय राहिलं! हा चालक चाळीस वर्षांत म्हातारा झालेला नाही. तो शापित आहे, या रस्त्यावर कायमचा अडकलेला आहे.

त्या वळणावर माकडं बसतात आणि पत्रा थापटला की उठतात, हे येडशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण येडशीतल्या पोराला कुणी विचारलं नाही. 'अडकलेला आहे' एवढं मात्र अप्पांना पटलं.

गाडीला गर्दी होऊ लागली. पुण्याहून राजनंदिनी नावाची एक मुलगी तिचा सगळा गट घेऊन आली आणि मग दर शनिवारी येतच राहिली. अठरावी खूण तिनंच शोधली होती.

"काका, एक विचारू? त्या दोन थापा कुणासाठी?"

"माकडासाठी."

तिनं मैत्रिणीकडं वळून पाहिलं. "बघ, मी म्हटलं होतं ना, ते सांगणार नाहीत."

कंडक्टर अल्ताफला हसू आवरेना. "अप्पा, तुमी मेलात म्हनं. चाळीस साल झाले. मग दर महिन्याला पगार कोन उचलायलंय?"

"तू तिकिटं फाड," अप्पा म्हणाले.

कागदाची आठवण करून द्यायला ते साहेबांकडं गेले, तेव्हा साहेब खुशीत होते. "माळगे, हा मार्ग बंद करायच्या यादीत होता. आता उभ्यानं माणसं जातायत. आणि हे बघा." ते कुरणवाडीकरांचं निवेदन होतं. माळगे चालकांना हलवू नये, गर्दी ओसरली तर गाडी बंद पडेल आणि मुलींची शाळा सुटेल. खाली सह्या आणि अंगठे, त्यात अप्पांना रोज सकाळी चहा पाजणाऱ्या म्हातारीचाही एक. ते खोटं नव्हतं, म्हणून त्यावर रागावताही येईना.

"मग मला कधी सोडता साहेब?"

"सिनेमाचा जोर ओसरू द्या."

"तिसरा भाग निघायलाय म्हनं."

"मग तो येऊन जाऊ द्या."

अप्पांनी आपल्या परीनं सुटका करून पाहिली. पहिल्यांदा मिशा उतरवल्या. त्याच आठवड्यात राजनंदिनीचा व्हिडिओ आला, की मिशा गेल्या, शाप फिटायला लागला. पुढच्या शनिवारी दाराला लोंबकळून माणसं आली. मग अप्पांनी वळणावर थापटणंच सोडलं. माकडं उठली नाहीत, गाडी जागीच थांबली. मागून कुणीतरी कापऱ्या आवाजात म्हणालं, "थांबली... आपोआप थांबली." अप्पांनी हात बाहेर काढून थापटलं. दुसरं काय करणार?

वाट निघाली ती माणिकप्पामुळं. रजेवर गेलेल्यांच्या जागी बदली चालक म्हणून डेपोत असलेला माणिकप्पा अप्पांपेक्षा वीतभर उंच आणि पंधरा वर्षांनी लहान. घरी चार भाऊ, त्यांची लेकरं आणि दोन खोल्या. त्याला मुक्काम हवाच होता. गाडीत एकट्यानं झोपायला मिळणं ही त्याच्या लेखी चैन होती. एका दिवसाची ड्युटी आपसात बदलायला साहेबांपर्यंत जावं लागत नाही. माणिकप्पाला शनिवारी सुटी असे, म्हणून शनिवार धरून दोघांनी ती बदलली.

"वळणावर माकडं असतेत. दोनदा थापट. बाकी काई करू नको," अप्पांनी बजावलं.

"अन् कुनी विचारलं तर?"

"खरं सांग. चालतंय."

अप्पा स्वतः टोपी घालून मागच्या सीटवर बसले. आपल्याच गाडीत मागं बसून कसं वाटतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं. लई दणके बसत होते. राजनंदिनीचा गट शेजारीच होता. त्यातला एकजण म्हणाला, "आजोबा, जरा सरकता का? फोटोत येताय."

अप्पा सरकले.

वळण आलं. माणिकप्पाचा काळा, केसाळ हात बाहेर आला, दोन थापा बसल्या, माकडं उठली. पोरांनी ओरडून घेतलं. मग राजनंदिनी पुढं जाऊन चालकाचं तोंड पाहून आली. आता सगळं उलगडणार, असं अप्पांना वाटलं.

"देह बदललाय," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तो माणूस नाहीच. ती जागा आहे. जो बसेल तो तोच."

पोरांच्या अंगावर काटा आला. अप्पांच्याही आला, पण वेगळ्या कारणानं. ती रात्र त्यांची कुरणवाडीतच गेली. परतीची गाडी सकाळीच होती.

व्हिडिओ साहेबांनीही पाहिला. पुढचे दोन शनिवार माणिकप्पाच गेला आणि गर्दी कमी झाली नाही. मग साहेबांनी कागद सुलटा केला आणि सही ठोकली. "माळगे, तुमच्यावाचून काही अडत नाही."

"व्हय साहेब."

"मग इतके दिवस अडून कशाला बसला होता?"

याला उत्तर होतं. ते द्यायला थांबलो तर कागद परत टेबलावर जायचा, म्हणून अप्पा नमस्कार करून बाहेर पडले. कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला. अकरा वर्षं ज्या जागेवर बसलो ती आपल्यावाचून एका संध्याकाळीत भरली, हे काही त्यात लिहिलेलं नव्हतं.

नव्या डेपोतल्या पहिल्या दिवशी ते पावणेसातला घरी पोचले. त्यांची बायको अयोध्याबाई ओट्यावर शेजारच्या हसीनाबीशी बोलत बसल्या होत्या. चूल विझली होती. त्यांचं सहालाच जेवण होत असे, एकटीला काय लागतं.

"काय झालं? गाडी बिघडली?"

"बदली झाली. सांगितलं हुतं की."

"सांगितलं हुतं," अयोध्याबाई म्हणाल्या. "बदली हुनार म्हनून सांगितलं हुतं. आज येनार म्हनून न्हाय."

"येते गं," म्हणत हसीनाबी डोईवर पदर ओढून उठली. रोज आठ वाजेपर्यंत बसणारी बाई, अप्पांना बघून निघाली. अयोध्याबाईंनी तिला फाटकापर्यंत पोचवलं आणि तिथं जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मग आत येऊन चूल पेटवली, पीठ मळलं, पहिली भाकरी ताटात टाकली.

अप्पा जेवू लागले. समोर बायको बसली होती. सगळं मागितलं तसंच होतं.

"आता रोज येनार?" त्यांनी विचारलं.

"रोज."

अयोध्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"रोजच?"