कळीचा चुना

पन्हाळ्याच्या पायथ्याला एक गाव आहे. तिथल्या गावतळ्यातले मासे एका दुपारी सगळेच्या सगळे मेले. साहेबानं सांगितलं एक आणि तळ्याच्या ठेकेदारानं केलं भलतंच, म्हणून मासे मेले, असं त्या गावात आजही सांगतात. तो साहेब मी.

मत्स्यशेतीचं मार्गदर्शन करायची सरकारी नोकरी होती माझी. नव्वद साल उलटून गेल्यावर गावतळी ठेक्यानं देऊन त्यात रोहू-कटला सोडायचं काम जोरात सुरू झालं. या गावात बौद्ध वस्तीतल्या काही घरांनी गट करून तळं घेतलं. गटाचा प्रमुख साखर कारखान्यात हंगामी कामाला जायचा, बाकीचा वेळ मजुरी. वस्तीतल्या कुणाच्या हातात गावाची एखादी गोष्ट येण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ते पुष्कळांना रुचलेलं नव्हतं. मला ते कळत होतं. प्रमुखाच्या घरी बसून चहा घेतो म्हणून मी स्वतःला चार लोकांपेक्षा बरा माणूस समजत असे.

उन्हाळ्यात तळं कोरडं पडलं होतं, तेव्हा मी त्यांना तळावर कळीचा चुना पसरायला लावला. भट्टीतून निघालेला हा चुना जहाल असतो, त्यानं चिखलातले किडे आणि रोगराई मरते. गटातल्या बायाबापड्यांनी तोंडाला फडकी बांधून तो पसरला. पाऊस झाला, तळं भरलं, आम्ही बीज सोडलं.

तिकडची माती तांबडी, जांभ्याची. पाऊस मुबलक. असलं पाणी दिसायला नितळ, पण क्षारांनी रितं असतं. दिवसा उन्हात हिरवं शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वायू ओढून घेतं तसा पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चढतो. रात्री तोच वायू पाण्यात परततो आणि सामू उतरतो. पाण्यात पुरेसे क्षार असले तर ते ही चढउतार पोटात घेतं, माशांना कळूही देत नाही. रित्या पाण्याला हे जमत नाही.

हे मी गटाला बांधावर बसवून सांगितलं होतं. नळीत पाणी घेऊन तपासणीच्या रसायनाचे दोन थेंब टाकले की सकाळी ते पिवळट व्हायचं, तेच दुपारी निळं.

"सामू उतरला, सामू चढला... साहेब, ह्यो सामू हाय कोण? कुणाचं पोरगं म्हणायचं?" प्रमुखाच्या बायकोनं विचारलं.

"तुझ्या माहेरचाच असंल," प्रमुख म्हणाला. "सकाळी एक बोलतोय, दुपारी एक."

"माझ्या माहेरची मानसं सकाळी बोलली ते सांजंला फिरवत न्हाईत. तुमचं बघा."

भाद्रपदात प्रमुख पाण्याची बाटली घेऊन एस.टी.नं कोल्हापूरला माझ्या कचेरीत आला. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतायत, म्हणाला. मी थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. मला बैठकीला उशीर होत होता, जीप खाली उभी होती.

"चुना टाका," मी म्हणालो.

"मागल्यागतच?"

"हो, मागच्यासारखाच." एवढं बोलून मी जिना उतरलो.

मला म्हणायची होती चुनखडी. चुन्याच्या न भाजलेल्या दगडाची साधी भुकटी. ती पाण्यात सावकाश विरघळते, पाण्याला धीर देते आणि सामू भलताच वर जाऊ देत नाही. पण आमच्या कचेरीत दोन्हींना चुनाच म्हणायचे. चुना मारला, चुना टाकला, चुना पोचला. ऐकणाऱ्यानं प्रसंगावरून ओळखायचं. प्रमुखानं मात्र अंदाजावर न राहता विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं.

त्यांनी उरलेली कळी आणि आणखी विकत आणलेली कळी, भरल्या तळ्यात टाकली. पाणी फसफसलं, वाफा निघाल्या. गटाला वाटलं, औषध लागू पडतंय. दुपारपर्यंत तळ्यावर पांढरी पोटं तरंगायला लागली.

निरोप मिळाला तेव्हा काय झालं असेल ते मला जीपमध्येच उमगलं. चावडीपुढं सगळं गाव जमलं होतं. गुरांचं पाणी नासलं म्हणून लोक संतापले होते. पाणी बाटवलं, असंही कुणी बोललं. तो शब्द काही चुन्यापुरता नव्हता. गट एका कडेला उभा होता.

सरपंचांनी मला खुर्ची दिली. "साहेब, ह्यो म्हणतोय तुमीच सांगिटलासा चुना टाकाय. खरं का?"

खात्याची चौकशी, बढती, घरी लग्नाची मुलगी, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. खरं म्हणजे मला फक्त भीती वाटली. शाळेत मास्तर छडी घेऊन आले की वाटते तशी.

"मी चुनखडी सांगितली होती," मी म्हणालो. "यांनी कळी टाकली."

मागून कुणीतरी ओरडलं, "तळ्याला न्हाय, गावाला चुना लावला की ओ ह्यांनी!" चावडी हसली. मीही हसलो.

प्रमुख माझ्याकडं बघत राहिला. त्या नजरेत मला राग दिसेल असं वाटलं होतं, पण तो आठवण्याचा प्रयत्न करत होता. शेवटी म्हणाला, "साहेब म्हणत्यात तर तसंच असंल. माझ्याच ऐकण्यात चूक झाली."

ठेका गेला. पुढच्या वर्षी तळं दुसऱ्या लोकांनी घेतलं, वस्तीनं पुन्हा मागितलं नाही. मागायला गेलं की "तळं मारणारी मानसं" हे ऐकावं लागे. माझी बदली झाली, बढतीही झाली, आणि पाण्याचा सामू राखण्यावर मी जिल्हाभर व्याख्यानं दिली. प्रत्येक वेळी बजावून सांगायचो की भरल्या तळ्यात कळी कधी टाकू नका. एका तळ्याचं असं झालं होतं, हेही सांगायचो. कुणाच्या बोलण्यानं झालं, ते नाही.

गेल्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन त्या गावी गेलो. प्रमुख वारला होता. त्याची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. ओळख सांगितली आणि उभ्या उभ्याच सगळं बोललो. सूप खाली ठेवून तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे त्यानी बरोबर ऐकल्यालं?"

"हो. बरोबर ऐकलं होतं."

"कारखान्यात पट्ट्याच्या आवाजानं माझं कान गेल्यात, म्हणायचं. लोकं काय सांगाय लागली की धा येळा इचारायचं. पोरं खुळ्यात काढायची. शेवटाला तर कुणाशी बोलायचंच सोडलं. कान चांगलं हुतं की ओ त्यांचं."

मी हात जोडले.

"मला कशाला हात जोडतायसा? ज्या चावडीत म्हणालासा त्याच चावडीत सांगा. चला."

ती पुढं, मी मागं. चावडीत पत्ते खेळणारी चार म्हातारी माणसं होती आणि ग्रामपंचायतीचा एक शिपाई. मी सांगितलं. एकानं पत्ते खाली ठेवले आणि म्हणाला, "जाऊ द्या साहेब, झालं गेलं."

"तुमचं काय गेलं?" ती त्याच्यावर कडाडली. मग माझ्याकडं वळली. "चार मानसं काय, उद्या इसरतील. तुमी लिवा. माझ्या नातवंडांना वाचाय येतंय."

म्हणून लिहिलं. पहिली प्रत तिच्या घरी पोचवायची आहे.