जवळचं शहर

सकाळी चहा घेताना मी फोनवर हॅलिफॅक्सचं हवामान बघतो. माझी मुलगी हॅलिफॅक्सला राहत नाही. तिच्या कॅनडातल्या गावाचं नाव फोनमधल्या शहरांच्या यादीत नव्हतं, म्हणून तिनं जवळचं मोठं शहर निवडून दिलं. जवळचं म्हणजे मोटारीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं!

जगभरातली शहरं गोळा करून, त्यांचे अक्षांश-रेखांश लावून कुणीतरी ही यादी केली असणार. प्रत्येक वाडीवस्ती कशी मावणार? कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण रेघेखालच्या गावातही कुणाची तरी मुलगी राहते, हे त्याला कोण सांगणार? मी आपला भलत्याच शहरातल्या बर्फाची काळजी करत बसतो. "स्वेटर घाल गं," म्हटलं की ती हसते. "बाबा, इथे छान ऊन पडलंय."

काल तिचा फोन आला. "बाबा, तिकडे जोराचा पाऊस दिसतोय. आज बाहेर पडू नका हं."

मी खिडकीतून पाहिलं. अंगणात कडक ऊन होतं, दोरीवरचा शर्ट केव्हाच वाळला होता. आमची आटपाडीही तिच्या यादीत नसणार, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं कोल्हापूर धरलं असेल.

"हो गं, पडतोय खरा," मी म्हटलं.

बाहेर जाऊ नका म्हणणारं घरात आता कुणी नाही. हातातली भाजीची पिशवी मी परत खुंटीला अडकवली आणि दिवसभर घरातच बसून राहिलो.