माशा पकडणारी

“माशा हिलाच आणू द्या. हिच्या कोपीवर माशांना काय तोटा हाय?”

सर म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.चं माझं पहिलं वर्ष. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

माशा मला पकडता येतात, हे खरं. आईबाप ऊस तोडायला जायचे तेव्हा मी पाचटाच्या झोपडीत, कोपीत, धाकट्या भावाला सांभाळायचे. चघळलेल्या उसाचा चोथा बाटलीत टाकला की माशा आपसूक आत. तशाच वीस नेल्या, एकीचाही पंख न दुखवता.

प्रयोग असा. जिवंत माशी मेणानं चिकटवायची. डोळ्यात केसाएवढी तार टोचायची. अंधार करून एकदम उजेड पाडायचा. उजेड लागताच डोळ्यातल्या पेशींत वीज उमटते आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ उडते.

आमची रेघ उडेना. “मेलेल्या आणल्यास,” सर खेकसले. माशा मेल्या होत्या मेणानं. पोरं उकळतं ओतत होती.

सर चहाला गेले. मी मेण कोमट होऊ दिलं, बाटलीत उरलेली जिवंत माशी बसवली, तार लावली. रेघ उडाली! मला रडूच आलं.

प्रयोगाच्या अहवालावर पोरांची चार नावं आली. माझं नव्हतं. विचारलं तर सर म्हणाले, “माशा पकडणाऱ्याचं नाव असतं का कुठं?”

घरी आईला सगळं सांगितलं. तिचा डावा डोळा उसाच्या पात्यानं चिरला होता. मुकादमानं दवाखान्याला सोडलं नाही. डोळा पांढरा पडला.

ती म्हणाली, “बाई, माझ्या ह्या डोळ्याला तार लावली तर रेघ हालंल का गं?”

 माशीच्या डोळ्यासाठी एवढी यंत्रं. माझ्या आईच्या डोळ्यात कुणी साधी बॅटरी मारून बघितली नाही. त्या दिवशी मी जेवले नाही.

पुढच्या प्रयोगाला बाटली घेऊन गेले आणि थेट यंत्रासमोरच्या स्टुलावर बसले.

“ऊठ. बाटली ठेव आन् मागं जा.”

“न्हाई सर. माशा माझ्या, तार मीच लावणार. अहवालावर नाव बी माझंच पयलं.”

कुणी हसलं नाही. सरांनी दाराकडं बोट केलं. मी बाटली मांडीवर घट्ट धरली.

उठले नाही. आता कुणी म्हणालं तरी उठणार नाही.