निवेदिताने सही केली नाही
सुमनताई इंगळे यांनी उत्तरेतल्या आपल्या शहरात, हजीरा भागातल्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. त्यांना मुलंच काय, हेडमास्तरही वचकून असत. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने मुलीला इंजिनियर केलं. ती निवेदिता आता नोएडात एका फोन कंपनीत बॅटऱ्या तपासायची.

कंपनीचा नवा फोन शुक्रवारी बाजारात यायचा होता. गुरुवारी सकाळी ताई हरिशंकरपुरम वस्तीतल्या विक्रमसिंहाच्या मोबाइलच्या दुकानात कव्हर घ्यायला गेल्या, तर तो त्याच फोनचं पोस्टर उतरवत होता.

"लाँच टळलं, काकू. कारण सांगतच नाहीत."

"का रे?"

"कोणी म्हणतं चिप मिळाली नाही, कोणी म्हणतं कॅमेरा नापास. मला तर वाटतं टेस्टिंगमध्ये बॅटरीच फुटली. दो-चार लोग जले होंगे, दबा दिया."

निवेदिता तिथेच काम करते हे त्याला ठाऊक नव्हतं. ताईंनी तिथल्या तिथे तिला फोन लावला. बंद. परत लावला. बंदच. कालही ती बोलली नव्हती.

मग तिच्या ऑफिसला लावला. तिथून उत्तर आलं, "मॅडम, हम कुछ नहीं बता सकते."

घरी येऊन त्यांनी मनाशी हिशेब मांडला. तीन कारणं, त्यातलं एकच वाईट. पण त्या उठून कपाटाकडे गेल्या. भाजलेल्या अंगाला मऊ कापड लागतं म्हणून त्यांनी दोन जुन्या सुती साड्या पिशवीत कोंबल्या आणि दुपारची दिल्लीची गाडी धरली. समोरचा प्रवासी मोबाइलवर बातमी वाचत होता, "आग लगी थी, लिखा है." ताईंनी खिडकीचे गज घट्ट धरले.

आग्रा सुटल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला.

"आई, मी. रूमवरच्या मैत्रिणीच्या फोनवरून बोलतेय."

"भाजलं का गं तुला?"

"नाही गं, कुणालाच नाही. परवा तपासताना बॅटरीतला एक सेल फुगला. बॅटरी ठीक आहे अशा रिपोर्टवर मी सही केली नाही, म्हणून सगळं थांबलं. आमचे फोन काढून घेतलेत, दोन दिवस नुसती चौकशी चाललीय. सगळे माझ्याकडे बघतात. मला फार भीती वाटते, आई."

"मलाही वाटते. सही मात्र करू नकोस. मी येतेच आहे."

कंपनीचा तो नवा फोन अडीच महिन्यांनी बाजारात आला, बॅटरी बदलून. कारण कुणी जाहीर केलं नाही. निवेदिताची दुसऱ्या विभागात बदली झाली. ताई रोज सकाळी तिला फोन लावतात आणि तिने उचलेपर्यंत उभ्याच असतात.