शुक्रवारपर्यंत राहू दे

पंगतीत वाढणारा पुन्हा समोर आला की आपण पानावर आडवा हात धरतो. बोलावं लागत नाही. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई तसाच हात मुलांच्या माऊसवर धरायच्या. पोराने ईमेल लिहून संपवलेला असायचा, बाण 'सेंड'वर नेऊन ठेवलेला असायचा, आणि तेवढ्यात मागून खडूने पांढरा झालेला तो लहानसा हात यायचा.

"राहू दे. मुरू दे."

"बाई, पण झालंय लिहून."

"कैऱ्या चिरून झाल्यात. लोणचं व्हायचंय अजून. पुढच्या शुक्रवारी बघू."

मग तो ईमेल आठ दिवस ड्राफ्टमध्ये जाऊन बसायचा. जगाने ज्या एका सोयीसाठी ईमेल शोधून काढला, नेमकी तीच सोय आठवी 'ब'च्या वर्गात बंद होती. "यापेक्षा टपालखातं परवडलं," असं आमचे गणिताचे सर म्हणायचे. बाईंच्या कानावर ते गेलं होतं. "टपालात ड्राफ्ट नसतो," एवढंच त्या म्हणाल्या.

मी त्याच शाळेत इतिहास शिकवतो. शाळा सदाशिव पेठेत, माध्यम मराठी. पेठेतली मुलं इंग्रजी शाळांकडे वळली तशी आमच्याकडे पर्वती पायथ्याची आणि दांडेकर पुलाकडची मुलं येऊ लागली. कॉम्प्युटरची खोली माझ्या वर्गाला लागून. यंत्रं एका कंपनीने वापरून कंटाळल्यावर दान केलेली, देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र कोरी करकरीत. मधली भिंत प्लायवूडची. त्यामुळे पलीकडे मराठीचा तास असला की इकडे माझं पानिपत जरा हळू आवाजात व्हायचं.

बाईंचं हे प्रकरण सुरू झालं एका निबंधापासून. विषय होता 'माझ्या आवडत्या बाई'. मुलांनी घरच्या मोबाइलवर शोधून तो उतरवून आणला. एकाने उभं राहून वाचलं, "माझ्या आवडत्या बाई उंच आणि गोऱ्यापान आहेत. त्या सदैव हसतमुख असतात."

आमच्या बाई बुटक्या, सावळ्या. हसायच्या, नाही असं नाही, पण त्यासाठी त्यांना कारण लागायचं.

"या बाईंचा पत्ता दे," त्या म्हणाल्या. "मलाही भेटायचंय त्यांना."

दुसऱ्याच्या निबंधातही त्याच उंच, गोऱ्यापान बाई. तिसऱ्याच्याही. तुमच्यापैकी कोणी शिक्षक असेल तर पुढे काय होतं ते ठाऊक असेल: पालकांना बोलावणं, डायरीत शेरा. बाईंनी मात्र सगळ्यांना कॉम्प्युटरवर बसवलं आणि त्या हसतमुख बाई आणखी कुठे कुठे आहेत ते शोधायला लावलं. त्या पुष्कळ ठिकाणी सापडल्या, शब्दाशब्दाने सारख्या.

"फार बदल्या झालेल्या दिसतात हो यांच्या," बाई म्हणाल्या. वर्ग हसला. मग त्यांनी विचारलं, "इतक्या मुलांनी लिहिलं, पण लिहिलं कोणाला? वाचणारा कोण?"

पोरं एकमेकांच्या वह्या बघू लागली. ज्याला वाचणारा नाही, ते कुठूनही उतरवलं तरी चालतं, हे निदान त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. माझ्या तर आलंच. मी शिक्षण खात्याला अहवाल पाठवतो.

बाईंनी मग वाचणारा शोधून आणला. त्यांची बी.एड.ची मैत्रीण हडपसरच्या एका शाळेत शिकवायची. तिथली आठवी आणि इथली आठवी यांनी एकमेकांना ईमेल लिहायचे, दर शुक्रवारी, शेवटच्या तासाला. समोरच्याला दिसत नसलेली एक तरी गोष्ट सांगायची. शेवटी एक तरी खरा प्रश्न विचारायचा. आणि आठ दिवस मुरवायचं. पुढच्या शुक्रवारी ते मोठ्याने वाचायचं, आणि वाचता वाचता बाई मध्येच विचारायच्या, "हे कोणाला?" ज्या वाक्याला उत्तर मिळायचं नाही, ते पोरं स्वतःच पुसायची. सगळं झालं की पोरगं मान वर करून विचारायचं, "बाई, आता पाठवू?" बाईंची मान हलली की पत्र सुटायचं.

पहिल्याच खेपेला हडपसरच्या एका मुलीने लिहिलं, 'तुमच्या शाळेत झाड हाय का?' आमचा ओंकार मोठ्याने हसला. "हाय म्हणे, बाई!"

"तिने काय विचारलंय?" बाई म्हणाल्या.

ओंकारने पुन्हा वाचलं. "झाड आहे का."

"मग आहे का?"

त्याला माहीत नव्हतं. रोज त्याच दारातून येणाऱ्या पोराला शाळेत झाड आहे की नाही, माहीत नव्हतं. मला तरी कुठे होतं? तो मधल्या सुट्टीत सगळीकडे फिरून आला. अंगणात फरशी, मागे सायकली. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली, पाइपाच्या खाचेतून एक वीतभर पिंपळ उगवलेला त्याला सापडला. त्याने तो लिहिला. पहिल्या मसुद्यात 'वृक्ष हे आपले सोबती आहेत' होतं, दुसऱ्या शुक्रवारी ते गेलं. राहिलं ते असं, 'एक आहे. त्याला पाच पानं आहेत. खाली माती नाही. तुमच्या झाडाखाली कोण बसतं?'

मी इतिहासाचा माणूस, सहसा हेलावत नाही. पण प्लायवूडपलीकडून ते ऐकलं आणि माझ्या वर्गाला पुढची सनावळी सांगायला जरा उशीर झाला.

बाईंचा हात एकदा माझ्याही माऊसवर आला होता. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून वाद चालू होता आणि मी सचिवांना स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर पत्र लिहीत होतो. पत्र उत्तम जमलं होतं. एकेक टोमणा घासून पुसून ठेवलेला.

"राहू द्या, सर."

"अहो बाई, मी काय आठवीत आहे?"

"म्हणूनच सांगते. आठवीतली ऐकतात."

आठ दिवसांनी वाचलं तर पत्र सचिवांना नव्हतंच, टाळ्यांना होतं. दोन ओळी ठेवल्या. पार्किंग मिळालं. टोमणे वाया गेले याचं मात्र अजून वाईट वाटतं.

असं तीन महिने सुरळीत चाललं. मग संस्थेला नवे अध्यक्ष आले. पहिल्याच आठवड्यात फाटकावर त्यांचा फ्लेक्स लागला: हनुवटीला बोट लावून, मंद हसत, ते दूरवर पाहत आहेत. ते पाहत होते ती दिशा रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाची होती, पण तो फ्लेक्स लावणाऱ्याचा दोष. भाषणात ते म्हणाले की शाळेला एकविसाव्या शतकाकडे न्यायचं आहे. ते शतक सुरू होऊन बराच काळ लोटला होता, पण आमची वाटचाल चालूच होती.

त्यांची योजना होती 'स्मार्ट भाषा दालन'. भिंतभर मोठा पडदा, त्यावर तयार धडे, मुलांनी बोट लावून पर्याय निवडायचा. जुने कॉम्प्युटर भंगारात. शुक्रवारचा तास पडद्याला. दालनाला जागा हवी, आणि जागा एकच होती.

बाईंच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. हा तास गेला तर परत कोणी सुरू करणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. त्यांनी अध्यक्षांना ईमेल लिहायला घेतला. कार्यकारिणीची बैठक दसऱ्यानंतरच्या गुरुवारी होती.

त्याआधीच्या शुक्रवारी मी विचारलं, "पाठवलंत?"

"आज वाचलं. कच्चं आहे."

"अहो, गुरुवारी बैठक आहे."

"कच्चं पाठवून काय करू?"

बुधवारी मुख्याध्यापिकाबाई स्वतः येऊन म्हणाल्या, "बाई, हात जोडते, सेंड करून टाका. कसंही असू दे."

"कसंही असू दे, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? शुक्रवारी मुलांसमोर उभं राहायचंय मला."

गुरुवारी बैठक झाली. ठराव संमत झाला. बाईंचं पत्र ड्राफ्टमध्येच होतं. स्टाफरूममध्ये त्या दिवशी कोणी बाईंशी नीट बोललं नाही. खरं तर सगळ्यांना 'सांगितलं होतं ना' म्हणायचं होतं, आणि पेठेत राहून ते वाक्य गिळणं सोपं नसतं.

दुसऱ्या दिवशी प्लायवूडपलीकडून बाईंचा आवाज आला. "हा तास बंद होणार आहे. पुढच्या शनिवारी कॉम्प्युटर नेतील. मी अध्यक्षांना लिहिलं होतं, पण वेळेत पाठवलं नाही. माझं चुकलं."

मग गायत्री नावाच्या मुलीचा आवाज, "बाई, आम्ही लिहू?"

"लिहा."

कळफलक वाजायला लागले. तास संपता संपता तिनेच विचारलं, "हे पण मुरवायचं?"

माझा वर्गही भिंतीला कान लावून होता. पुढचा शुक्रवार हा शेवटचा शुक्रवार होता.

"मुरवायचं," बाई म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला.

पुढच्या शुक्रवारी वाचन झालं. 'आपण थोर आहात' गेलं. 'आम्हाला अतिशय दुःख झाले' गेलं, कारण "हे कोणाला?" यावर "सगळेच लिहितात म्हणून" असं उत्तर आलं. पत्रं दोन-तीन ओळींची उरली, प्रत्येकाच्या शेवटी एक प्रश्न. "बाई, आता पाठवू?" असं सगळ्यांनी एकदम विचारलं.

संध्याकाळी प्रत्येकाला उत्तर आलं: 'आपल्या भावना पोहोचल्या. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी अनेक शुभाशीर्वाद.' सगळ्यांना एकच. पण उंच, गोऱ्यापान बाईंना शोधून काढलेली ही मुलं. त्यांनी घरून, आईवडिलांच्या मोबाइलवरून, उलट लिहिलं. आमच्या शाळेच्या इतिहासात न मुरवता गेलेली बहुधा तेवढीच पत्रं. 'आपलं उत्तर मिळालं. आमचा प्रश्न असा होता,' आणि खाली तोच प्रश्न.

शनिवारी सकाळी टेम्पोच्या आधी अध्यक्षांची गाडी आली. स्वागताचा पुष्पगुच्छ धरून मला उभं केलं होतं, म्हणून पुढचं मी अगदी जवळून पाहिलं.

"अरे, मी उत्तर पाठवलं ना सगळ्यांना?" अध्यक्ष वर्गात येऊन म्हणाले.

"मिळालं, सर," गायत्री उभी राहिली. "सगळ्यांना एकच मिळालं."

"मग?"

"त्यात उत्तर नव्हतं."

मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटले.

"बरं, तुझा प्रश्न काय होता?"

"हडपसरच्या मुलींची पत्रं येतात. आमचे कॉम्प्युटर नेले तर ती कोण वाचणार?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. हनुवटीकडे बोट गेलं. "हे बघा, विद्यार्थ्यांची काळजी संस्थेला आहेच. मी आत्ता, इथेच, सर्वांसमक्ष जाहीर करतो की..."

आणि त्यांच्यासमोर एक लहानसा, खडूने पांढरा हात आडवा आला.

"आत्ता नको, साहेब. राहू द्या. शुक्रवारपर्यंत मुरू द्या."

पुष्पगुच्छ माझ्या हातात वाकडा झाला. अध्यक्षांनी त्या हाताकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि हसले. फ्लेक्सवरचं हसू नव्हे, दुसरं. टेम्पो रिकामा परत गेला.

शुक्रवारी शेवटच्या तासाला त्यांचा ईमेल आला. ओंकारने मोठ्याने वाचला. 'मी तुमची पत्रं आधी वाचली नव्हती. उत्तर कार्यालयाने पाठवलं होतं. आता वाचली. कॉम्प्युटर राहतील, शुक्रवारचा तास राहील. टाकीखालचा पिंपळ अजून आहे का?'

"बाई, प्रश्न आहे शेवटी!" पोरं ओरडली.

पडदाही आलाच. तो सभागृहात लागला. त्यावर अध्यक्षांची भाषणं फार स्पष्ट दिसतात.

मी नंतर बाईंना विचारलं, "आणि तुमचं ते पत्र?"

"पुसलं. चार पानं झाली होती, सर. मुलांची ऐकली तेव्हा लक्षात आलं, माझ्या पत्रात एकही प्रश्न नव्हता."

बाई निवृत्त झाल्या आणि भावाकडे सांगलीला गेल्या. मी अधूनमधून लिहायचो. उत्तर नेहमी आठ दिवसांनी, शुक्रवारी यायचं, छोटंसं, आणि शेवटी काहीतरी विचारलेलं असायचं. शुक्रवारचा तास आता नव्या मॅडम घेतात. त्या आठऐवजी चार दिवस मुरवतात.

यंदा बाई गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर कळलं. मिनिटभरात 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू झाल्या, शब्दाशब्दाने सारख्या. एकीत 'काकांच्या आत्म्यास' तसंच राहून गेलं होतं. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, या काकांचाही पत्ता द्या.

मीही लिहायला घेतलं. चांगलं दीर्घ, भारदस्त वाक्य जमलं होतं. अंगठा बाणावर नेला आणि मोबाइल खाली ठेवला.

त्या वाक्यातला एकही शब्द आता यात उरलेला नाही. दर शुक्रवारी काढतो, वाचतो, थोडं पुसतो. कोणाला, याचं उत्तर मला आहे. पत्ताही पाठ आहे. शेवटी प्रश्न हवा, तो एकच आहे.

बाई, आता पाठवू?