अंग झाडणाऱ्या काकू

चालून आलेलं देवपण तोंडावर परत करणारी बाई औरंगपुऱ्यात एकच झाली. त्या आमच्या वर्तमानपत्राच्या काउंटरवर निधनाच्या जाहिराती घ्यायच्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो.

काकू पाचोडकडच्या मेंढपाळ घरातल्या. मजकूर घेताना आवाज कोरडा, अक्षर सरळ. माणूस फोटो देऊन जिना उतरला, की काकू खुर्ची मागं सारत, चपला काढत आणि घोट्यापासून मानेपर्यंत सगळं अंग झाडत. बांगड्या वाजत, टेबल हादरून पेनांचा डबा कडेपर्यंत सरके. दोन मिनिटांनी त्या बसत. "हां, पुढचं कोण?" कारण विचारलं तर सांगत, "कुत्रं मागं लागलं तर मेंढी पळती, मग अंग झाडती अन् चरायला लागती. भेव काय, दुःख काय, माणूसच घरी घेऊन जातंय."

एकदा एका आजीबाईंनी हे पाहिलं, काकूंच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नातवाला नोकरी कधी लागेल ते विचारलं. काकू झाडतच म्हणाल्या, "मावशे, मी पगारी हाय. अर्ज करायला लाव त्याला." तरी आठवडाभरात काउंटरवर नारळ येऊ लागले.

व्यवस्थापकांनी बोलावलं. शेजारच्या टेबलावर मी बातम्या तपासत होतो, त्यामुळे पुढचं शब्दशः आठवतं.

"काकू, देवी येते असं लिहून द्या. मग वरचेही काही बोलणार नाहीत."

"देवीला कशाला मधी ओढता, साहेब? दुःख लोकांचं, अंग माझं. तिचं नाव लावून खुर्ची राखू व्हय?"

"मग काउंटर सोडावं लागेल."

"सोडते. झाडणं नाय सोडणार."

त्यांना जुन्या अंकांच्या खोलीत धाडलं. तिथं रडणारं कोणी येत नसे. तरी रोज चहाच्या वेळी काकू काउंटरसमोर येत आणि सगळ्यांदेखत झाडून जात. निवृत्तीच्या दिवशीही झाडून गेल्या. काउंटर तोवर, बातम्यांचं टेबल सुटून, माझ्याकडं आलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात काकू काउंटरच्या पलीकडं, रांगेतून आल्या. हातात नवऱ्याचा फोटो. मी मजकूर लिहिला, वय दोनदा विचारलं.

"सर, वय दोनदा विचारलंत. आत दाबू नका," काकू म्हणाल्या.

मी उठलो, बूट काढले. रांगेतल्या एकानं हात जोडले. "देवी नाही," मी सांगितलं आणि अंग झाडू लागलो. पलीकडं काकूही झाडत होत्या. बांगड्या त्यांनी उतरवल्या नव्हत्या. पूर्वीसारख्याच वाजत होत्या.