जावईबापूंचा खूर

आमच्या ताईला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेली बाई! सहा नोकऱ्या सोडल्या, दोन स्थळं परत पाठवली आणि चाळिशीला टेकल्यावर एका संस्थेत लागली. काम काय, तर हाल सोसलेली, सोडवून आणलेली डोंगरी तट्टं माणसाळवायची. हे काम मुख्यतः बसण्याचं आहे, हे तिला आधी कुणी सांगितलंच नसावं.

पालथ्या बादलीवर, तट्टाकडे पाठ करून बसायचं. बोलायचं नाही, वळायचं नाही. ते आपणहून येऊन हुंगेल तेव्हा पुढे हात, मग तोंडाला दोरीची मोहरकी, मग पाय उचलणं. ताई रोज तीन तास अशी बसायची आणि त्याचं उट्टं घरी काढायची. आल्या आल्या कपाट उपस, फरशी पूस, माझ्या चहात दोनदा साखर घाल. मी वैतागायचे.

नव्या तट्टाला ती जावईबापू म्हणायची, कारण कितीही मानपान करा, ते रुसलेलंच. त्याचा पुढचा खूर वाढून वाकडा झाला होता. डॉक्टर म्हणाले, "गुंगीचं इंजेक्शन आता याच्या हृदयाला झेपणार नाही. शुक्रवारी नालबंद येईल तेव्हा जागेपणी खूर कापू दिला तर ठीक. नाहीतर असं कुढत ठेवण्यापेक्षा याला मरण दिलेलं बरं."

ताईचं जेवण तुटलं. नालबंदही भला माणूस, आठवडाभर रोज येऊन तट्टाजवळ उभा राहायचा, ओळख व्हावी म्हणून. बुधवारी जावईबापूंनी ताईच्या हातात पाय दिला. ती घरी येऊन मला मिठी मारून रडली.

आणि गुरुवारी मी तिचं जाकीट धुतलं.

त्याला असा वास मारत होता की पाहुणा दारातूनच परत जावा. म्हटलं, उद्याचा मोठा दिवस, स्वच्छ घालून जाऊ दे बिचारी. सुगंधी साबण लावून खसाखसा धुतलं. ताईचं नाक सर्दीने बंद, तिला पत्ताच नाही. शुक्रवारी सोबत म्हणून मीही निघाले. थंडी होती, तिचा रोजच्या कामावरचा मफलर न विचारता गळ्यात अडकवला. माझी लहानपणापासूनची खोड.

ताई कुंपणाच्या आत शिरली आणि जावईबापू उधळले. थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन धडकले. ती बादलीवर बसली, उठली, पुन्हा बसली. नालबंद घड्याळ बघेना, पण हत्यारांची पिशवी या हातातून त्या हातात करत राहिला. शेवटी ताईने बाही नाकाशी धरून जोरात श्वास ओढला.

"तू जाकीट धुतलंस?"

"वास येत होता गं."

"तोच वास महिनाभर कमावला होता मी, शहाणे!"

तिने जाकीट काढून फेकलं, पण आता ती दिसली तरी तट्टू थरथरत होतं. मी कुंपणाशी मेल्याहून मेल्यासारखी उभी. तेवढ्यात जावईबापू लंगडत माझ्याकडे आले. मान लांबवली आणि मफलर हुंगला.

"जा आत," ताई म्हणाली.

"मला कुत्र्याचीही भीती वाटते!"

"पाठ कर आणि बस. तुझ्यामुळे मरतंय ते."

बसले. मानेवर गरम श्वास आला. ताई कुंपणाबाहेरून हळू आवाजात सांगत गेली, तसं मी उठले, मोहरकी चढवली, दोरी सैल धरली. जावईबापूंनी मफलरात तोंड खुपसलं. नालबंदाने वाकून पाय उचलला. खुराचे तुकडे पडू लागले. मी हलले नाही.

पाय खाली टेकला, सरळ टेकला, तेव्हा मी ताईकडे पाहिलं. कुंपणाचा दांडा दोन्ही हातांनी धरून ती उभी होती. अर्धा तास जागची हलली नव्हती. तिला आनंद झाला होता आणि माझा भयंकर हेवाही वाटत होता. दोन्ही तिने लपवलं नाही.

मी बाहेर येऊन मफलर काढू लागले.

"राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "दीड महिन्याने परत कापायचाय. आणि धुतलास तर याद राख."